पॅरिसची खरेदी, झुरिकचं विमान आणि न मिळालेला शिक्का

तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि आज ऑफिसला जायच्या आधी उत्तर लिहायला बसले, कारण तुमचा कार्यक्रम हुबेहूब आमचाच आहे. आई-बाबांना घेऊन टूर, आधी पॅरिस, मग बसने स्वित्झर्लंड, परतीचं विमान झुरिकहून. आईला पर्स आणि बहिणीला घड्याळ पॅरिसमध्ये घ्यायचं, दुकानातून टॅक्स रिफंडचा फॉर्म घ्यायचा (माल बाहेर नेणाऱ्या पर्यटकाला किमतीतला कर परत मिळतो त्याचा, त्यावर कस्टम्सचा शिक्का लागतो), "आणि झुरिक एअरपोर्टवर शिक्का मारला की झालं ना?" असं तुम्ही विचारलंय. नाही हो, तिथे तो शिक्का मिळत नाही. मे २०२४ मध्ये आम्ही हेच धरून चाललो होतो.

पासपोर्ट दाखवणं, फॉर्मवर नाव बरोबर आलंय का बघणं, पिशवीतल्या वस्तूंचे टॅग न काढणं हे तुम्हाला माहीत असणार, म्हणून त्यात शिरत नाही. फ्रान्समध्ये एका दुकानातली खरेदी १०० युरोच्या वर गेली पाहिजे, एवढं ध्यानात ठेवा. आता खरी गोष्ट.

आपल्या पासपोर्टवर व्हिसा एकच असतो, शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा. त्यामुळे सगळा युरोप म्हणजे एकच वाडा आणि आपण या खोलीतून त्या खोलीत चाललोय असं वाटतं. स्वित्झर्लंड डिसेंबर २००८ पासून शेंगेनमध्ये आहे, म्हणून फ्रान्सच्या सीमेवर पासपोर्टवर शिक्के पडत नाहीत. पण स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही. आणि व्हॅट, म्हणजे तिकडचा जीएसटी, परत मिळतो तो माल युनियनच्या बाहेर नेला म्हणून. म्हणजे तुमच्या आईची पर्स युनियनच्या बाहेर जाते ती झुरिकला विमानात बसताना नाही, बस फ्रान्सची सीमा ओलांडते तेव्हा. शिक्का तिथेच मारून घ्यायचा, फ्रान्सच्या बाजूच्या कस्टम्सकडे. झुरिकचं कस्टम्स स्विस सरकारचं. फ्रान्सला भरलेल्या कराच्या कागदावर ते कशाला शिक्का मारतील?

मला याचा जास्त त्रास झाला, कारण हे मला कळायला हवं होतं. मी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल निर्यात करणाऱ्या कारखान्यात हिशेब बघते, एकोणीस वर्षं झाली. आपला टॉवेल देशाबाहेर गेला की त्यावर इथला जीएसटी बसत नाही, भरला असेल तर परत मिळतो, आणि माल बाहेर गेल्याचा पुरावा म्हणजे शिपिंग बिल. माल बंदरातून गेल्यावर चार दिवसांनी कुणी कस्टम्सकडे जाऊन "आता शिक्का द्या" म्हणत नाही. पॅरिसचा फॉर्म म्हणजे तेच शिपिंग बिल, फक्त एका पर्सचं. रोज ज्या कागदावर माझं पोट चालतं, तोच कागद सुट्टीवर असताना मला ओळखता आला नाही.

आम्ही घेतलं काय, तर लेकीसाठी एक पर्स ६२० युरोची आणि तिच्या सासूबाईंसाठी रेशमी स्कार्फ १६० चा. एकूण ७८०. फ्रान्सचा व्हॅट २० टक्के, तो किमतीतच धरलेला असतो, म्हणजे ७८० मध्ये कर १३० युरो. लोक म्हणतात २० टक्के परत मिळतात, तसं नसतं. रिफंडचं काम बघणारी मधली कंपनी आपला हिस्सा कापून घेते. आमच्या फॉर्मवर परतावा ९३ युरो ६० सेंट लिहिला होता, साधारण १२ टक्के. तेव्हाच्या भावाने ८,४०० रुपये झाले. हातमाग-यंत्रमागाच्या गावात वाढलेल्या माणसाला ८,४०० रुपये ही लहान रक्कम वाटत नाही.

सीमा ओलांडली तो प्रसंग मला अजून दिसतो. दुपारची वेळ, बसमध्ये अर्धे लोक झोपलेले, मागच्या सीटवर गाण्याच्या भेंड्या. माझ्या मांडीवर कडक भाकरीचा डबा, प्रवासात चुरा झालेली भाकरी आणि शेंगा चटणी मी पुड्यांमधून वाटत होते. बस हळू झाली, बाहेर निळ्या गणवेशातला एक माणूस उभा, त्याने आत डोकावून हात हलवला आणि बस पुढे. मिनिटभराचासुद्धा थांबा नाही. रिफंडचा फॉर्म माझ्या पर्समध्ये, पायाशी. त्या एका मिनिटात "जरा थांबवा" म्हणाले असते तर बाकी काहीच घडलं नसतं. मी आधी टूर मॅनेजरला दोनदा विचारलं होतं. त्याने सांगितलं, "काकू, टेन्शन घेऊ नका, रिफंडचं सगळं एअरपोर्टवरच होतं." ज्या दुकानात खरेदीसाठी तीन तासांचा थांबा याच लोकांनी ठेवला होता, त्या दुकानाचा रिफंड कुठे मिळतो हे त्यांना माहीत नसावं, हे मला आजही पटत नाही. कंपनीचं नाव घेत नाही.

झुरिकला कस्टम्सच्या खिडकीतल्या बाईंनी फॉर्म घेतला, उलटून पाहिला, शिक्क्याच्या रिकाम्या चौकटीवर बोट ठेवलं आणि फक्त "फ्रान्स" म्हणाल्या. मग हाताने मागे, दूर कुठेतरी, अशी खूण केली. त्यांचं काही चुकलं नाही, नियमच तसा आहे.

इथपर्यंत रिफंड हुकला होता, पण आशा पूर्ण गेलेली नव्हती. ती पुढच्या पाच मिनिटांत मी घालवली. शेजारी रिफंड कंपनीचं काउंटर होतं. तिथल्या मुलाने सांगितलं, फॉर्म पाकिटात घालून त्या पेटीत टाका, आमचे लोक बघतील. विमानाची घोषणा चालू होती. मी बिनशिक्क्याचा मूळ फॉर्म पाकिटात घातला आणि पेटीत टाकला. मोबाइलवर फोटोसुद्धा काढला नाही.

का हळहळ वाटते ते सांगते. फ्रान्सच्या कस्टम्सकडे अपवाद म्हणून नंतर अर्ज करण्याची सोय आहे, खरेदीपासून सहा महिन्यांच्या आत. त्याला मूळ फॉर्म लागतो, प्रवासाची तिकिटं लागतात, आणि माल आपल्या देशात पोचला, तिथे आयात कर भरला याचा पुरावा लागतो. आणि तो पुरावा माझ्याकडे होता! मुंबईला उतरल्यावर आम्ही रेड चॅनेलला, म्हणजे ड्युटी भरायचा माल असणाऱ्यांच्या रांगेला, गेलो होतो. तेव्हा माणशी ५०,००० रुपयांपर्यंत सूट होती, आणि माझ्या एकटीच्या नावावरचा माल ७०,००० च्या थोडा वर. यजमान म्हणत होते की पर्स कोण बघतंय, ग्रीनमधून चला. मी ऐकलं नाही. वरच्या २०,००० वर ३८.५ टक्क्यांनी पावणेआठ हजारांच्या आसपास ड्युटी भरली, पावती घेतली. ती पावती आजही फाइलला आहे. फॉर्म मात्र पेटीत गेला.

मग सहा महिने ईमेल. रिफंड कंपनी म्हणायची फॉर्मवर कस्टम्सची मोहोर नाही, दुकानाशी बोला. दुकान म्हणायचं आमचं काम फॉर्म देण्यापुरतं, कंपनीशी बोला. प्रत्येक वेळी नवा माणूस, नवा तक्रार क्रमांक, आणि पुन्हा पहिल्यापासून सगळी कहाणी. रात्री जेवणं झाल्यावर डिक्शनरी घेऊन मी त्यांच्या पत्रांना उत्तरं लिहायचे. मी ड्युटीच्या पावतीची प्रत चार वेळा पाठवली. एकदाही कुणी सांगितलं नाही की बाई, ही पावती आम्हाला नको, फ्रान्सच्या कस्टम्सला द्या आणि मुदत अमुक आहे. ते मला माझ्या भाच्याने शोधून सांगितलं, नोव्हेंबरमध्ये, मुदत संपायला नऊ दिवस असताना. मी लगेच मूळ फॉर्म परत मागितला. उत्तर आलं, जमा झालेले फॉर्म परत दिले जात नाहीत. माझा राग ९३ युरोंपेक्षा या उत्तरावर जास्त आहे. ज्या कागदाचे पैसे तुम्ही देणार नाही, तो कागद तरी माणसाला परत द्या की.

आता तुमचं. मी कर सल्लागार नाही, टूरवाली नाही, नियम बदलतात, भारतातली सुटीची मर्यादासुद्धा जायच्या आधी कस्टम्सच्या साइटवर बघून घ्या. पण माझं स्पष्ट मत असं की पॅरिसला खरेदी करायचीच असेल तर टूर कंपनीकडून आजच लेखी विचारा: बस फ्रान्समधून कुठल्या रस्त्याने बाहेर पडते, आणि फ्रान्सच्या कस्टम्सशी वीस मिनिटं थांबेल का. प्रत्येक रस्त्यावर शिक्का मारणारा माणूस बसलेला नसतो, म्हणून जागा आणि वेळ दोन्ही विचारा. "बघू", "होऊन जाईल" हे उत्तर धरू नका. लेखी हो आलं नाही तर पॅरिसला फक्त बघा, घेऊ नका.

घड्याळ तर मी स्वित्झर्लंडलाच घेईन. तिथला व्हॅट ८.१ टक्के, म्हणून रिफंड कमी, पण मुळात किमतीत करही कमी. एका दुकानात ३०० फ्रँकच्या वर खरेदी लागते, आणि तुम्ही झुरिकहूनच निघणार असल्यामुळे त्या फॉर्मचा शिक्का झुरिकला मिळतो. तुमच्या मार्गाला हेच सरळ जातं.

ज्यांच्या टूरमध्ये स्वित्झर्लंड नाही, समजा पॅरिस, ॲमस्टरडॅम आणि शेवटी फ्रँकफर्टहून परत, त्यांनी सगळे फॉर्म शेवटच्या एअरपोर्टवर एकत्र दाखवायचे. पॅरिसच्या एअरपोर्टवर पाब्लो नावाची मशीन असतात, बारकोड दाखवला की हिरवा पडदा येतो आणि काम होतं. ती फक्त फ्रान्समधल्या फॉर्मसाठी आणि फ्रान्समधूनच निघणाऱ्यांसाठी. दुसऱ्या देशातून निघालात तर कागदावर शिक्काच हवा. आणि मोठी बॅग काउंटरवर देण्याआधी कस्टम्सकडे जा, ते वस्तू दाखवा म्हणू शकतात.

पॅरिस शहरातच रोख रिफंड देतो असं कुणी म्हणालं तर सावध राहा. ते क्रेडिट कार्डाची हमी घेतात. शिक्क्याचा फॉर्म ठरल्या मुदतीत त्यांच्याकडे पोचला नाही की दिलेली रक्कम दंडासकट कार्डावरून वसूल करतात. तुमच्या मार्गावर तर हे हमखास अंगाशी येईल. दुकानात कार्ड घासताना मशीन रुपये की युरो विचारतं, तिथे युरोच दाबा. रुपये दाबले की त्यांच्या भावाने पैसे जातात.

खाली एका ताईंनी लंडनला शॉपिंग करून रिफंड घ्या असं सुचवलंय. ते आता चालत नाही, १ जानेवारी २०२१ पासून इंग्लंडने पर्यटकांसाठीची ती योजना बंद केली. दुबईला मात्र सोपं आहे, ५ टक्के व्हॅट, २५० दिरहमच्या वर खरेदी, कराची बरीचशी रक्कम परत, त्यातून प्रत्येक फॉर्ममागे थोडी फी कापतात. आणि विषय वेगळा आहे, पण टूरच्या पैशांवर कापलेला टीसीएस, म्हणजे आगाऊ घेतलेला आयकर, रिटर्न भरताना मागून घ्या. आमच्या ग्रुपमधल्या तिघांनी तो सोडून दिला होता.

फॉर्म हातात पडला की त्याच क्षणी दोन्ही बाजूंचे फोटो काढा, बिलाचाही, आणि घरी व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा. शिक्का नसलेला मूळ फॉर्म कुठल्याही पेटीत टाकू नका, कुणी कितीही गोड बोलून सांगितलं तरी. तो घरी आणा. भारतात ड्युटी लागत असेल तर भरा आणि पावती त्याच फॉर्मला टाचून ठेवा.

टूर कंपनीने बसचा रस्ता सांगितला की इथे लिहा. माझा भाचा तिकडेच असतो, त्याला विचारून त्या रस्त्यावर फ्रान्सचं कस्टम्स कुठे आणि किती वाजेपर्यंत उघडं असतं ते काढून देते. तुमची तारीख पुढच्या महिन्यातली आहे, तेव्हा या आठवड्यातच विचारा.