तिन्ही आकडे नॉर्मल, तरी यकृताची चिंता का?

प्रश्न : माझे वय 54 असून नऊ वर्षांपासून मला मधुमेह आहे. नुकत्याच केलेल्या सोनोग्राफीत ‘ग्रेड 2 फॅटी लिव्हर’ निघाले. दारू मी कधीही घेतलेली नाही. यकृताच्या रक्ततपासणीतले एसजीओटी 40, एसजीपीटी 36 आणि प्लेटलेट्स 1,60,000 आहेत. लॅबच्या रिपोर्टप्रमाणे तिन्ही नॉर्मल. घरचे मेटफॉर्मिनच्या गोळीला दोष देतात. यकृताला खरोखर धोका आहे का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : गोळीवरचा आळ आधी दूर करतो. मेटफॉर्मिनमुळे यकृतात चरबी साठत नाही; ती परस्पर बंद करू नये.

मूळ दोष शरीर इन्शुलिनला पुरेशी दाद देत नाही, हा आहे. चरबीच्या पेशींनी आपला साठा धरून ठेवावा हे इन्शुलिनचे काम. ते नीट होईनासे झाले की मेदाम्ले (चरबीचे घटक) रक्तात उतरून यकृताकडे जातात, आणि भरपाई म्हणून वाढलेले इन्शुलिन यकृताला साखरेपासून नवी चरबीही बनवायला लावते. गंमत अशी, की साखर तयार करणे थांबवण्याचा इन्शुलिनचा हुकूम मात्र तेच यकृत मानत नाही. रात्रभर उपाशी राहूनही सकाळची साखर चढलेली दिसते ती पुष्कळदा यामुळेच. साठलेल्या चरबीने काही रुग्णांत पेशी सुजतात, मरतात, त्या जागी व्रणांचे तंतू वाढतात आणि वर्षानुवर्षांनी त्यातून सिरोसिस, म्हणजे यकृत कडक होऊन निकामी होत जाणे, होतो. या काळात बहुधा काहीच दुखत नाही.

सोनोग्राफीचा ग्रेड चरबीचा अंदाज देतो, या तंतूंचा नव्हे. तंतू बरेच वाढलेले असतानाही एसजीपीटी नॉर्मल असू शकते. म्हणून तंतूंचा अंदाज देणारा ‘फिब-4’ हा साधा हिशेब करावा. वय गुणिले एसजीओटी, म्हणजे 2160. त्याला हजारांतल्या प्लेटलेट्स गुणिले एसजीपीटीचे वर्गमूळ, म्हणजे 160 गुणिले 6, 960 ने भागले की आपले उत्तर 2.25 येते. 1.3 च्या खाली धोका कमी, 2.67 च्या वर यकृततज्ज्ञांकडे जाणे आवश्यक. आपण मधल्या पट्ट्यात आहात. याचा अर्थ सिरोसिस झाला असा नाही, पण फायब्रोस्कॅन (यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी) करून घ्यावा, सोबत हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणीही.

वजन जास्त असल्यास ते 5 टक्के उतरले तरी चरबी घटते, आणि 10 टक्के उतरल्यास अनेकांत तंतूही ओसरू लागतात. फायब्रोस्कॅनपूर्वी किमान तीन तास काही खाऊ नये, आणि उपाशी राहताना मधुमेहाच्या गोळ्यांची वेळ डॉक्टरांना विचारून ठरवावी.