मुकोनोची केळी : पांगा (कोयता) आधी धुवा, मातीचं नंतर बघू

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा : युगांडातल्या मुकोनोजवळ तीन एकर केळी, बांधाला जुनी कायिंजाची (दारूच्या केळीची) रांग. आधी कायिंजा वाळली, आता मातोकेची (शिजवून खायच्या केळीची) बेटंही पिवळी पडू लागली. स्ट्रेप्टोसायक्लिन (जिवाणूंवरचं औषध) फवारणीला किती घ्यायचं, आणि हा रोग जमिनीत किती वर्षं राहतो? मी मूळचा रावेरकडचा, पण युगांडात केळीच्या फार्मवर आठ वर्षं काढलीत, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी खात्री करा. आपल्याकडे पान पिवळं दिसलं की ‘पनामा’ म्हणून मोकळं व्हायची सवय आहे. पनामा ही बुरशी. तिच्यात खोडातल्या नळ्या तांबूस दिसतात, पण त्यातून काही पाझरत नाही. तुम्ही आजारी झाडाचं खोड किंवा घडाचा दांडा आडवा कापा आणि पाच-दहा मिनिटं तिथेच उभे राहा. कापावर पिवळसर, चिकट थेंब जमले की समजा हा जिवाणू. मग घडातलं एक केळं चिरा. बाहेरून अर्धं हिरवं, अर्धं अवेळी पिकलेलं, आणि आत गर तपकिरी. माझ्या शेजाऱ्याने असा घड दोन दिवस ‘लवकर पिकला’ म्हणून कौतुकाने ठेवला होता.

त्या भागात केळीच्या या मर रोगाला किवोतोका म्हणतात. जिवाणू झँथोमोनास गटातला. मूळ इथिओपियाचा, तिथे केळीच्या भावकीतल्या एन्सेटवर होता. १९७४ मध्ये तिथेच केळीवर नोंदला गेला आणि २००१ मध्ये युगांडात सापडला, तोही तुमच्याच मुकोनोत. म्हणजे तुमच्या पट्ट्याला तो काही नवा पाहुणा नाही.

आता जमिनीचं. उघड्या मातीत हा फार टिकत नाही, मातीतले इतर जीवजंतू त्याला जगू देत नाहीत. गोष्ट काही महिन्यांची आहे, वर्षांची नाही. म्हणून बेटं काढल्यावर सहा महिने रान केळीविना ठेवायला सांगतात. तेवढ्यात घेवडा किंवा रताळं निघतं. पण ‘केळीविना’ म्हणजे खरोखर केळीविना. खोदताना राहिलेल्या कंदाच्या तुकड्याला कोंब फुटला की सहा महिने तिथून पुन्हा मोजायचे. रोग जगतो तो तिथे, जिवंत कंदात. आणि वरून टवटवीत दिसणाऱ्या पिलात (कंदाला फुटलेल्या नव्या रोपात) तो महिनोन्महिने गप्प बसू शकतो. मी फसलो तो इथेच. ओळखीच्याच एका बागेतून चाळीस पिलं आणली, एकेक हाताने निवडली, सगळी तलवार पानाची, म्हणजे अरुंद, टोकदार पानांची. पावसाळा संपेपर्यंत अकरा गेली. त्यानंतर टिश्यू कल्चरशिवाय काही लावलं नाही.

पसरतो कसा, ते झाडच सांगतं. आधी केळफूल सुकलं, त्याच्या पाकळ्या काळवंडल्या, तर माश्यांचं काम. न निसवलेल्या (घड न आलेल्या) झाडाची पानं आधी मलूल झाली, तर तुमच्या पांग्याचं किंवा आणलेल्या पिलाचं.

माश्यांचं असं की केळफुलाची पाकळी आणि नर फुलं गळून पडली की दांड्यावर ओली जखम राहते. आजारी झाडाच्या पाझरावर बसून आलेली मधमाशी, डंख नसलेली छोटी माशी, फळमाशी तिथे रस प्यायला बसते आणि जिवाणू आत जातो. कायिंजा याला सगळ्यात जास्त बळी पडते, आणि दारूसाठी लावलेल्या त्या रांगेकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. उलट आपली बसराई या वाटेने सहसा सापडत नाही. तिची सुकलेली फुलं आणि पाकळ्या दांड्याला चिकटूनच राहतात, ओली जखम उघडी पडत नाही. लहानपणी ती वाळकी फुलं बघून मला बसराई गबाळी वाटायची! पांग्यापुढे मात्र तिचीही सुटका नाही.

उपाय : शेवटची फणी सुटली की केळफूल काढून टाका. पांग्याने नाही, बेचक्याच्या लांब काठीने, पिळून. काठी जखमेला पात्यासारखी रोग पोचवत नाही. शेजाऱ्याच्या कायिंजाचीही काढा, त्याला पटवायला सोड्याच्या बाटल्यांचा एक क्रेट न्यावा लागला तरी चालेल.

पांगा हा खरा गुन्हेगार. एक माणूस सकाळी आजारी बेटाची पानं काढतो आणि त्याच पात्याने दुपारपर्यंत पूर्ण ओळ साफ करतो. मग महिनाभराने ओळीने झाडं बसतात. ओळीनेच गेली असतील तर माशीला दोष देऊ नका. आम्ही प्रत्येक माणसाला दोन पांगे दिले होते, एक हातात, एक ब्लीचच्या बादलीत, प्रत्येक बेटाला अदलाबदल. एक भाग जिक (तिकडे मिळणारं ब्लीच), पाच भाग पाणी. बादली नको असेल तर पातं जाळावर धरा, हात लावता येणार नाही इतकं तापू द्या. रोजंदारीवर स्वतःचा पांगा घेऊन येणाऱ्याला बागेत सोडायचं नाही. बकऱ्याही बाहेर. बाजारातून घडांभोवती गुंडाळून आलेली पानं बागेत टाकू नका.

स्ट्रेप्टोसायक्लिनचे पैसे वाचवा. आत नळ्यांत बसलेल्या जिवाणूवर फवारणी पोचत नाही, लागण झालेलं झाड बरं करणारं औषध नाही.

बेट सरसकट खणू नका, मजुरीतच मराल. केळफुलातून शिरलेला जिवाणू वरून खाली उतरतो, आणि बेटातल्या प्रत्येक पिलापर्यंत पोचतोच असं नाही. म्हणून आठवड्याला एक फेरी. लक्षण दिसलेलं खोड तेवढंच जमिनीलगत कापायचं, तिथेच पडू द्यायचं, पातं धुवायचं, पुढे जायचं. पहिले काही महिने बाकी छाटणी आणि पिलं काढणं बंद. सुरुवातीला कापणं वाढतच जाईल, घाबरून फेरी सोडू नका. माझ्याकडे चौथ्या महिन्यानंतर आठवड्याला दोन-तीन खोडांवर आलं. ज्या बेटात एकही खोड धड राहत नाही, ते मात्र कंदासकट काढा.

आजारी झाडं ओळीने आहेत की विखुरलेली, आणि आधी पान गेलं की केळफूल, एवढं कळवा. कायिंजाच्या रांगेचं काय करायचं ते त्यावर सांगतो.