रस्त्याकडेचे गवत कापताना

आपण या कामात नवीन आहात, म्हणून आधी एवढेच सांगतो की कडेचे सगळे गवत जमिनीलगत उडवणे म्हणजे चांगली कापणी नव्हे. वळणाच्या आतल्या बाजूला, फाट्यांवर आणि फलकांसमोर, म्हणजे जिथे चालकाची नजर अडते तिथे, पावसाळ्यातही पुन्हापुन्हा कापावे लागते. भरावाच्या उतारावर मात्र तेव्हा हात आखडता घ्यावा, कारण तिथली माती मुळांनीच धरलेली असते.

खरी कसोटी गाजरगवताची. पुण्यात १९५५ साली प्रथम नोंदले गेलेले हे तण बी धरल्यावर कापले, तर आपले यंत्रच ते पुढे पेरत जाते, आणि आधी नुसते छाटले, तर बुडख्यातून फुटवे येऊन ते लवकरच पुन्हा फुलते. त्यामुळे जमीन ओली असताना, फुलोऱ्यापूर्वी, हातमोजे व पूर्ण बाह्यांचे कपडे घालून ते मुळासकट उपटावे (त्याच्या स्पर्शाने अंगावर चट्टे उठणाऱ्यांपैकी मीही एक आहे). शेजारी टाकळा असेल तर तो राखावा. तो गाजरगवताला डोके वर काढू देत नाही.

ब्रश कटर (फिरत्या पात्याने किंवा नायलॉनच्या दोरीने गवत कापणारे यंत्र) चालवताना खडा गोळीसारखा उडतो, तेव्हा पंधरा मीटरच्या आत कोणी नको. नव्याने लावलेल्या रोपांभोवती विळाच वापरावा, कारण नायलॉनची दोरी साल सोलते आणि रोप महिन्याभराने वाळते. कापलेले गवत गटारात ढकलू नये, पेटवू तर मुळीच नये.