१२ जुलैचा अंक पूर्ण वाच

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं टिपण वाचलं. जुन्या वर्तमानपत्रातला एकच दिवस घ्यायचा आणि त्यातल्या मथळ्यांवर लोकांना हसवायचं, ही कल्पना मला मनापासून आवडली. दिवसही नामी निवडलास, १२ जुलै १९७९. पण तुझ्या टिपणात पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत स्कायलॅबच आहे, म्हणजे आभाळातून कोसळलेली ती अमेरिकेची अंतराळ प्रयोगशाळा. त्या दिवशी बातमीत आणखी एक पडझड होती आणि खरी गंमत या दोन बातम्या शेजारीशेजारी आल्या यात आहे.

आधी वेळ नीट समजून घे. स्कायलॅब पडली ती ११ जुलैला, आपल्याकडे रात्री दहा वाजून सात मिनिटं झाली होती तेव्हा. पश्चिम ऑस्ट्रेलियात, जिथे तिचे तुकडे पडले, तिथे मध्यरात्र उलटून १२ तारीख लागली होती. आता तेव्हाची कचेरी डोळ्यांपुढे आण. टेलिप्रिंटर खडखडतोय, उपसंपादक इंग्रजी मजकुराची भेंडोळी फाडून मराठी करतोय आणि जुळारी एकेक खिळा वेचून ओळ बसवतोय. बाहेरगावची डाक आवृत्ती आधी छापायची, गठ्ठे एस.टी.त टाकायचे आणि मग शहर आवृत्तीला हात घालायचा. त्यामुळे एकाच तारखेच्या दोन अंकांत दोन वेगळी जगं असू शकायची. चंदगडच्या वाचकाच्या डोक्यावर स्कायलॅब अजून घिरट्या घालतेय आणि कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या वाचकाची ती पडून मोकळी झालीय! तुझ्या हाती लागलेली फाईल कुठल्या आवृत्तीची आहे, ते सगळ्यात आधी बघ. यावरच तुझा अर्धा लेख उभा राहील.

आता घाबरलेल्या लोकांविषयी. तू त्यांना ‘अडाणी’ म्हटलंयस, तो शब्द काढून टाक. सुमारे ७७ टनांची वस्तू आभाळातून येणार, कुठे पडणार ते सोडणाऱ्यांनाही नक्की सांगता येईना, मग माणसानं घाबरायचं नाही तर काय करायचं? १९७३च्या मे महिन्यात ती वर गेली, १९७४च्या फेब्रुवारीत शेवटचे अंतराळवीर तिथून परतले आणि पुढे ती रिकामीच फिरत राहिली. तिला वर ढकलायला नवं यान पाठवायचा विचार होता, ते यान वेळेत तयार झालं नाही. त्यातच सूर्याचा जोर वाढला, वरचं वातावरण तापून फुगलं आणि त्याच्या घर्षणानं ती अंदाजापेक्षा लवकर खाली आली. हे चार ओळींत सांग, म्हणजे भीती कुठून आली ते वाचकाला कळेल.

नासा या अमेरिकेच्या अंतराळ संस्थेनं आकडाही दिला होता: जगात कुणा ना कुणाला तुकडा लागण्याची शक्यता १५२ मध्ये एक. चहाच्या गाड्यावर पोचेपर्यंत हा आकडा प्रत्येकाला स्वतःचाच वाटू लागला. आमच्या पेठेत तर लोक तालमीत बसून आपापल्या गल्लीत घरं किती ते मोजत होते! ठरावीक एका माणसाला तुकडा लागण्याची शक्यता ६०० अब्जांत एक होती, पण ती कोण ऐकतोय? पुढे कैक वर्षं आमच्याकडे न सांगता येऊन टपकणाऱ्या पाहुण्याला ‘स्कायलॅब’ म्हणत. असं हसू तुझ्या लेखात आलं पाहिजे. त्यात भीती आहे, सुटकेचा निःश्वास आहे आणि कुणाचाही अपमान नाही.

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या एस्परन्स गावच्या नगरपालिकेनं रस्त्यावर कचरा टाकल्याबद्दल नासाला ४०० डॉलर दंड लावला, हा किस्सा तू घेतलायस. घे, झकास आहे. फक्त तो नंतरचा आहे, १२ जुलैच्या मथळ्यांत घुसडू नकोस. पहिला तुकडा आणून देणाऱ्याला सॅन फ्रान्सिस्कोच्या एका वर्तमानपत्रानं दहा हजार डॉलर लावले होते आणि एस्परन्सचाच सतरा वर्षांचा पोरगा ते घेऊन गेला, हेही असंच पुढचं. दोन्ही शेवटाकडे टाक.

आता दुसरी पडझड. ज्या दिवशी स्कायलॅब पडली त्याच दिवशी लोकसभेत यशवंतराव चव्हाणांनी मोरारजी देसाईंच्या सरकारविरुद्ध अविश्वासाचा ठराव मांडला. विरोधी पक्षनेतेपद त्यांच्याकडे आदल्याच दिवशी आलेलं. यशवंतराव म्हणजे आपल्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी, १९३८चे पदवीधर. कोल्हापूरच्या वाचकाची नजर आभाळाकडे जास्त होती की दिल्लीकडे, याचा अंदाज तुला मथळ्यांच्या टायपावरून येईल. कुठली बातमी किती कॉलम आहे ते पट्टीनं मोज.

पुढचं तर कुणाला रचूनही सुचलं नसतं. ठरावावर मतदान व्हायच्या आधीच, १५ जुलैला मोरारजींनी राजीनामा दिला. २८ जुलैला चरणसिंग पंतप्रधान आणि चव्हाण उपपंतप्रधान. लोकसभेला एकदाही सामोरं न जाता २० ऑगस्टला चरणसिंगांचाही राजीनामा. स्कायलॅबच्या पडण्याचं निदान गणित तरी कुणी मांडलं होतं! १२ तारखेच्या सकाळी अंक उघडणाऱ्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं आणि आपल्याला सगळं ठाऊक आहे. तुझ्या विनोदाची जागा नेमकी इथे आहे. तो हळूच येऊ दे, ओढून आणू नकोस.

आतली पानंही सोडू नकोस. जुलै म्हणजे पंचगंगेच्या पाण्याचे दिवस, राजाराम बंधाऱ्याच्या पातळीची चौकट आहे का बघ. आकडा अंकातूनच घे, अंदाजानं लिहू नकोस. बाजारभाव, सिनेमाच्या जाहिराती, हरवले-सापडले, सगळं उतरवून आण. छोट्या जाहिरातींतली माणसांची नावं मात्र गाळ. त्यांची नातवंडं आपल्याच गावात आहेत.

मथळे जसेच्या तसे उतरव. एक काना-मात्रा बदलून जास्त हसू येत असेल तरी बदलू नकोस.

फायलींसाठी आधी करवीर नगर वाचन मंदिरात चौकशी कर. १८५० सालची संस्था आहे, तिथली माणसं तुला पुढची वाट दाखवतील. पान उलटताना बोटाला थुंकी लावायची नाही, खालून तळहात देऊन दोन्ही हातांनी उचलायचं. त्या काळचा कागद घडीवर मोडतो आणि मोडला की नेमका मथळ्यातूनच जातो. फोटो काढणार असशील तर परवानगी घे आणि प्रत्येक फोटोत तारखेची ओळ आली पाहिजे, नाहीतर घरी आल्यावर कुठलं पान कुठल्या दिवसाचं ते कळणार नाही.

आणि गेलीच आहेस तर १६ जुलैचा अंकही काढायला सांग. मोरारजींच्या राजीनाम्याची बातमी त्यात असेल. तिच्या मथळ्याचा टाईप स्कायलॅबच्या मथळ्याशेजारी ठेवून बघ आणि मला कळव.

तुझा,
काका