कोल्हापूरपासून जवळ असा शांत बीच कुठला, जिथं गाडी थेट वाळूत नेता येते?

तुम्ही लिहिलंय की आठजण आहात, दोन फोर बाय फोर गाड्या आहेत, शनिवार-रविवार हाताशी आहे, गर्दी नको, गाडी पार पाण्यापर्यंत जायला पाहिजे आणि रात्री वाळूतच टेंट टाकून शेकोटी करायची आहे. बीच सांगतो की, चांगले चार-पाच सांगतो, बारा-तेरा वर्षं झाली मी दर हिवाळ्यात घाट उतरतोय त्यामुळं बरीच ठिकाणं पायाखालची आहेत. पण भावांनो, गाडी वाळूत घालायचं तेवढं डोक्यातनं काढून टाका. का ते जरा सविस्तर सांगतो, कारण मी स्वतः घातलेली आहे.

फेब्रुवारी महिना होता. आमच्या पेठेतली सहा पोरं, एकाच्या भावाची नवी कोरी गाडी, गगनबावडा उतरून वैभववाडी, तळेरे करत देवगड तालुक्यात गेलो. गावाचं नाव लिहीत नाही. सुरूच्या बनातनं एक बैलगाडीची वाट होती, त्या वाटेनं गाडी सरळ पुळणीवर काढली. ओहोटी होती, ओली वाळू एकदम घट्ट, गाडी पळाली बी मस्त, व्हिडिओ काढून झाले. मग वरच्या कोरड्या वाळूत वळवून घ्यायला गेलो आणि मागची दोन्ही चाकं बसली. ॲक्सिलरेटर दाबला की आणखी खाली. हातानं उकरलं, चाकाखाली पायपुसणी घातली, झावळ्या घातल्या, काही उपयोग नाही, आणि तोवर दिवस मावळून भरती चालू झाली. पाणी पंधरा-वीस फुटांवर आलं तेव्हा वाडीतले रापणीचे लोक बॅटऱ्या घेऊन आले. रापण म्हणजे किनाऱ्यावर उभं राहून सगळ्यांनी मिळून ओढायचं जाळं, त्यामुळं दोर ओढायची सवय त्यांच्या हाडात असते. फळ्या घातल्या, दोर बांधला, वीसेक माणसांनी एका दमात गाडी वर काढली. पैसे देऊ केले तर घेतले नाहीत.

त्यातले एक आजोबा आमच्या चाकांच्या खुणांवरनं बॅटरी मारत मागं चालत गेले, एका जागी थांबले आणि आम्हाला हाक मारली, "हंय बघ." पाण्यातनं वर आलेली आणि परत पाण्याकडं गेलेली एक रुंद खूण होती, लहान ट्रॅक्टरचं चाक फिरल्यासारखी दोन्ही बाजूंनी खाचा पडलेली. कासवीण आदल्या रात्री चढून अंडी घालून गेली होती. आमचं चाक त्या खड्ड्यापासनं एक वीत अंतरावरनं गेलं होतं. एक वीत! आजोबा आरडाओरडा करणाऱ्यातले नव्हते. ते एवढंच बोलले की अंडी वाचली ठीक आहे, पण दीड महिन्यानं पिल्लं वर येतील आणि ही चाकोरी अशीच राहिली तर ती त्यात पडतील, बाहेर येणार नाहीत. त्या रात्री आम्ही सहाजणांनी त्याच फळ्या घेऊन किलोमीटरभर चाकोऱ्या बुजवल्या. एक वाजला. तेव्हापासनं मी गाडी सुरूच्या बनाच्या अलीकडं लावतो आणि पुढं चालत जातो.

आता तुमच्या प्रश्नातली खरी अडचण बघा. तुम्हाला जसला बीच पाहिजे तसलाच कासवालाही पाहिजे. अंधार, शांतता, रुंद मऊ वाळू, माणसाचा वावर नाही. गणपतीपुळ्याला देवळासमोर शनिवारी जी झुंबड असते तिथं कासवीण चढत नाही, चढते ती तुम्ही-आम्ही 'अनटच्ड' म्हणून शोधत असतो त्याच किनाऱ्यांवर. आपल्याकडं येणारी जात ऑलिव्ह रिडले. साधारण नोव्हेंबर ते मार्च हा विणीचा हंगाम, म्हणजे आपला कोकण ट्रिपचा ऐन सीझन. मादी रात्री येते, मागच्या पायांनी दीडेक फूट खड्डा काढते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू सारून, अंगानं थापून बुजवते आणि निघून जाते, परत बघायला येत नाही. पुढं पंचेचाळीस ते साठ दिवस ती अंडी वाळूच्या उबेवर. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त होतात, थंड राहिली तर नर, म्हणजे सगळा हिशेब वाळूचा आहे. मादी वर येत असताना गाडीचा हेडलाइट, शेकोटी, स्पीकर असलं काही दिसलं-ऐकलं की ती अंडी न घालताच माघारी फिरते. पिल्लांचं तर आणखी अवघड, ती बाहेर आली की जिकडं उजेड तिकडं पळतात, कारण रात्री समुद्राकडचं क्षितिज जमिनीपेक्षा उजळ असतं, त्यांना तेवढंच कळतं. तुमची शेकोटी पेटलेली असेल तर ती शेकोटीकडं येतील. हजारातलं एखादंच पिल्लू मोठं होतं असं अभ्यासक मानतात, त्यात आपण चाकोऱ्या आणि जाळ कशाला वाढवायचे?

वाळूच्या वरच्या अंगाला गोल दुभंगलेल्या पानांची, जांभळ्या फुलांची एक वेल पसरलेली असते. बहुतेकजण तिच्यावरनंच गाडी घालतात, रान समजून. तिचं नाव मर्यादवेल. समुद्रानं यायचं ते इथपर्यंत, ही त्याची मर्यादा, म्हणून मर्यादवेल. ही वेल वाळू धरून ठेवते. चार सीझन तिच्यावरनं गाड्या गेल्या की वेल मरते, मग वारा वाळू नेतो, मग उधाणाचं पाणी माडाच्या बागेत शिरतं, मग गावकरी धूपप्रतिबंधक बंधारा मागतात, काळे दगड येऊन पडतात, आणि दगडांपुढची वाळू लाटांनी आणखी खाल्ली जाते. मग कासव चढणार कुठं आणि होडी ओढून ठेवणार कुठं? एका गाडीनं एवढं होत नाही हे मला कळतं, पण रील बघून मागनं शंभर येतात.

तुम्ही म्हणाल मग हे सगळं राखतंय कोण. वेळासचं नाव ऐकलं असेल, मंडणगड तालुक्यात आहे, आपल्यापासनं लांब पडतं. तिथं चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं २००२ मध्ये काम सुरू केलं. त्याआधी कोकणात बऱ्याच ठिकाणी अंडी काढून खाल्ली-विकली जायची. संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांच्या माणसांनी गावातल्याच पोरांना घेऊन अंडी हॅचरीत, म्हणजे किनाऱ्यावरच कुंपण घालून राखलेल्या जागेत, हलवायला सुरुवात केली, पुढं कासव महोत्सव सुरू झाला, लोक घराघरात राहायला लागले, उकडीचे मोदक-सोलकढी खाऊन जायला लागले, आणि कासव जिवंत असण्यावर गावाला चार पैसे मिळायला लागले. मला ही चळवळ मनापासनं पटते. नुसतं 'कासव वाचवा' म्हणून बोर्ड लावून झालेलं नाही ते, रात्री तीन वाजता उठून किनारा चालणाऱ्या गावच्या पोरांनी केलंय. त्यांना कासवमित्र म्हणतात. आता वनखातंही सोबत आहे, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गात बऱ्याच किनाऱ्यांवर अशी कामं चालतात. जानेवारी २०२२ मध्ये वेळासला एका मादीला सॅटेलाइट टॅग लावला, तिचं नाव ठेवलं प्रथमा. आणि २०२१ साली पार ओडिशात टॅग लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. अख्ख्या द्वीपकल्पाला वळसा घालून आली ती. मला तर ही बातमी वाचून पंचगंगा आठवली, आपण घाटावर जे टाकतो ते नृसिंहवाडीला कृष्णेत जातं आणि कृष्णा जाते बंगालच्या उपसागरात, म्हणजे कोल्हापूरचं प्लॅस्टिक त्या बाजूच्या कासवाला भेटणार आणि ट्रिपला नेलेलं प्लॅस्टिक या बाजूच्या. आपल्याकडं समुद्र नाही म्हणून आपला काही संबंध नाही असं म्हणायची सोय कोल्हापूरकराला राहिलेली नाही. रंकाळ्यात सांडपाणी सोडून त्याचं काय झालं हे आपण नाक दाबून बघितलंय.

साफसफाईबद्दल पण सांगतो, कारण तुमच्यातले दोघं 'बीच क्लीनअप' पण करू म्हणतायत असं लिहिलंय. करा, पण नुसते ग्लोव्हज आणि पोती घेऊन जाऊ नका. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा तालमीतली पंधरा पोरं होतो, चार तासांत तीसेक पोती भरली, फोटो काढले आणि पोती ग्रामपंचायतीच्या मागं रचून आलो. जूनमध्ये त्याच गावातल्या ओळखीच्या काकांचा फोन आला की कुत्र्यांनी पोती फाडली, पहिल्या पावसात सगळं खाडीत गेलं. लहान ग्रामपंचायतीकडं ना घंटागाडी ना कचरा लावायची जागा, त्यांनी तरी काय करायचं? आम्ही त्यांच्याच दारात ढीग टाकून आलो होतो. आता आम्ही टेम्पो घेऊनच जातो, तिथंच वेगळं करतो, बाटल्या आणि कडक प्लॅस्टिक कोल्हापूरला आणून भंगारवाल्याला देतो. जाळ्यांचे तुकडे सगळ्यात जड, ओले असले तर चौघांना उचलत नाहीत, आणि सगळ्यात वाईट पण तेच, कारण तुटून वाहत गेलेलं जाळं समुद्रात कासव अडकवत राहतं. वेंगुर्ल्याचं वेगळं आहे, तिथल्या नगरपरिषदेनं घरातच कचरा वेगळा करायची शिस्त लावली आणि कचरा डेपोच्या जागेचं रूप असं पालटलं की लोक ती बघायला जातात. एकदा जाऊन या, छोट्या गावाला हे जमतं हे डोळ्यानं बघितलं की बरं वाटतं.

एका क्लीनअपमध्ये मला वाळूतनं एक पिशवी मिळाली, त्यावर आपल्याच गावातल्या एका बेकरीचा पत्ता छापलेला. खारी-बटर नेलं असणार कुणीतरी. ती पिशवी मी अजून ठेवलीय.

आता ठिकाणं. देवगडकडं जायचं तर तांबळडेग, मिठबावच्या अंगाला, लांबच्या लांब किनारा आणि माणूस कमी, गगनबावड्यातनं उतरायचं. मालवणकडं तोंडवळी, आचरा, राधानगरी-फोंडा घाटानं जा, पण दाजीपूरच्या जंगलात रात्री गाडी हळू चालवा, गवे रस्त्यावर येतात. भोगवे मला स्वतःला सगळ्यात आवडतं, निवतीच्या किल्ल्यावरनं संध्याकाळी बघा. वेंगुर्ल्याजवळ वायंगणी, आजरा-आंबोली मार्गे. तिथंच मांडवी खाडीत बायकांचा बचत गट होडीतनं कांदळवनाची सफर करवतो, इंजिनाचा आवाज नाही, वल्ह्यानं नेतात, झाडांची नावं सांगतात, ती चुकवू नका. रत्नागिरी बाजूला आंबा घाट उतरून पावसच्या पुढं पूर्णगडचा पूल ओलांडला की गावखडी, सुरूचं बन भारी आहे. यातल्या तांबळडेग, वायंगणी, गावखडी इथं कासवं चढतात हे नक्की, बाकीच्या ठिकाणीही चढतात असं धरूनच वागा.

टेंटचं म्हणाल तर वाळूत नको, वाडीत कुणाच्याही खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, विचारून टाका, दोन ताटं जास्तीची सांगा, सुरमई नाहीतर बांगडा जे रापणीत मिळालं असेल ते खा. शेकोटी पण खळ्यातच. पैसे त्या घरात राहतात, आणि ज्या घरात ते राहतात त्या घरातला पोरगा पुढच्या वर्षी किनारा राखायला उठतो. बिअरच्या बाटल्या नेणार असाल तर मोजून न्या आणि मोजून आणा, काच पायात जाते ती रापणकाराच्या, तो अनवाणी असतो.

मालवणला स्नॉर्कलिंग करायचं असेल तर सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा भाग सागरी अभयारण्य आहे, १९८७ पासनं, खाली प्रवाळ आहेत. दमलात तर होडीला धरा, प्रवाळावर उभं राहू नका, आणि मासे गोळा व्हावेत म्हणून कुणी पाव टाकायला लागला तर नको म्हणून सांगा. मे संपत आला की हे सगळं ऑगस्टअखेरपर्यंत बंद असतं, तेव्हा कुणी 'करून देतो' म्हटलं तरी उतरू नका.

आणि फेब्रुवारीनंतर गेलात तर पोचल्या पोचल्या घरवाल्या काकांना विचारा की हॅचरीत पिल्लं निघतायत का. हो म्हणाले तर पहाटे लवकर उठून जा, नाहीतर संध्याकाळी. घरट्यावर टोपली पालथी घातलेली असते, कासवमित्र ती उचलतात आणि खाली मुठीत मावतील एवढी काळी पिल्लं वळवळत असतात. मग दोरीच्या मागं उभं राहायचं, फ्लॅश बंद, आणि ती पाण्यात जाईपर्यंत पाय हलवायचा नाही.