दहावीतल्या मुलीचे सुटलेले मैदान

«माझी मुलगी सातवीपर्यंत शाळेच्या खो-खो संघात होती. आता दहावीत आहे. क्लास, अभ्यास आणि मोबाइल यांपलीकडे ती जागची हलत नाही. सकाळी उपाशी जाते आणि संध्याकाळी वडापाव खाऊन येते. मामाकडे सगळ्यांसमोर 'किती सुटली आहेस' असे मी म्हटले, तेव्हापासून ती माझ्याशी धड बोलत नाही. ही इतकी आळशी कशी झाली?» – एक आई, सातारा

सप्रेम नमस्कार.

मुलगी आळशी झाली, हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. वय वाढते तसे खेळणे कमी होते आणि बसणे वाढते, हे केवळ तुमच्या घरात घडलेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी १४६ देशांतील माहिती तपासली, तेव्हा २०१६ साली ११ ते १७ वयाची ८१ टक्के शाळकरी मुले पुरेशी हालचाल करत नसल्याचे दिसले. मुलींमध्ये हे प्रमाण ८५ टक्के होते.

सातवीपर्यंत मैदान आपोआप वाट्याला येते. पुढे खेळाचा तास गणिताला जातो, शाळेनंतर क्लास लागतो आणि उशीर नको म्हणून आपणच मुलांना स्कूटीवरून सोडतो, त्यामुळे चालणेही संपते. हे वेळापत्रक तुमच्या मुलीने आखलेले नाही. शिवाय पाळी सुरू झाल्यावर डाग पडण्याची धास्ती, मैदानाजवळ स्वच्छतागृह नसणे, कपड्यांवरून होणारी शेरेबाजी, अशा कारणांनी अनेक मुली मुकाट्याने खेळ सोडतात. तिने खो-खो का सोडला, हे तुम्ही तिला कधी विचारले आहे का? पत्रात तसे कुठे दिसत नाही.

मामाकडचे ते वाक्य मला सर्वांत जास्त खटकले. वयात येताना मुलींच्या अंगावर थोडी चरबी चढणे हा वाढीचाच भाग असतो आणि चारचौघांत त्याची वाच्यता झाली, की काही मुली जेवणच टाळू लागतात. त्याबद्दल तिची सरळ माफी मागा. त्या वेळी मागोमाग व्यायामाचा विषय काढू नका.

सकाळच्या उपासाचे कारण बहुधा झोपेत आहे. या वयात झोप येण्याची वेळ शरीरच पुढे ढकलते, शाळा मात्र लवकर भरते, त्यामुळे उठल्या उठल्या घास उतरत नाही. बसून न्याहारी करण्याचा हट्ट सोडून मधल्या सुट्टीसाठी थालीपीठ आणि शेंगदाण्याचा लाडू द्या. वडापाव अधूनमधून चालू द्या, कारण दिवसभरात मैत्रिणींशी निवांत बोलण्याची तेवढीच वेळ तिच्याजवळ उरली असावी.

या वयात दररोज सरासरी ६० मिनिटे दमवणारी हालचाल हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ती सलग असण्याची गरज नाही. क्लासला सायकलने जाणे, अभ्यासातून उठून दोरीवरच्या उड्या मारणे, रविवारी जुन्या मैत्रिणींबरोबर खेळणे, यांतले काय जमेल ते तिलाच ठरवू द्या. उड्यांनी हाडेही बळकट होतात आणि हाडे भरण्याचे हेच वय आहे. जेवताना मोबाइल बाजूला ठेवण्याचा नियम करणार असाल, तर तो तिच्या वडिलांनाही लागू करा.

एक तपासणी मात्र लांबवू नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला होता. जिना चढताना तिला धाप लागत असेल, पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल किंवा ती दिवसभर मरगळलेली दिसत असेल, तर याच आठवड्यात डॉक्टरांकडे नेऊन तिचे हिमोग्लोबिन तपासून घ्या.