कुलूप कशाने उघडावं?

(वाचकांचे प्रश्न. उत्तरं देणाऱ्या : निवृत्त नर्सिंग ट्यूटर, फोंडा)

प्रश्न : नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलींसाठी ‘व्हर्च्युअल एस्केप रूम’ घ्या, असं आमच्या प्राचार्यांनी सुचवलंय. बाहेरच्या कंपनीचे पैसे परवडणार नाहीत. घरच्या घरी करता येईल का? आणि मुली त्यातून शिकतात, की नुसती मजा होते?
– एक शिक्षिका, म्हापसा

उत्तर : करता येईल, बाई, आणि पदरचा पैसाही लागणार नाही. हे नाव ज्यांनी पहिल्यांदाच ऐकलं त्यांच्यासाठी थोडक्यात : खोलीत कोंडून घ्यायचं आणि कोडी सोडवत ठरलेल्या वेळात बाहेर पडायचं, हा खेळ ताकाओ कातो यांनी २००७ मध्ये जपानमधल्या क्योटोत सुरू केला. टाळेबंदीत माणसं खरोखरच घरात अडकली, तेव्हा त्याचा पडद्यावरचा अवतार सगळीकडे पसरला.

तुम्हाला लागेल एक गूगल फॉर्म. प्रत्येक कोड्याचं वेगळं सेक्शन करा आणि उत्तराचा रकाना ‘रिक्वायर्ड’ करून त्याला ‘रिस्पॉन्स व्हॅलिडेशन’ लावा. बरोबर उत्तर टाकल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. चुकल्यावर जी सूचना दिसते, तीच तुमची हिंट. (वर्गात एखादी कॉम्प्युटरवाली असेल तर ती पानाचा सोर्स उघडून उत्तरं शोधेल. शोधू दे. पुढचा फॉर्म तिलाच करायला बसवा.)

खरी मेहनत असते ती गोष्ट रचण्याची. पुष्कळ जण कुलपाचा आकडा चित्रात लपवतात. मग मुली ते चित्र मोठं करून बघत बसतात आणि नर्सिंग राहतं बाजूला. माझा हट्ट असा, की वॉर्डात जो निर्णय घ्यावा लागतो, त्यानेच कुलूप उघडलं पाहिजे.

आपल्याकडचीच केस घ्या. पावसाळ्याचे दिवस, सत्तरी तालुक्यातलं गाव. सात वर्षांची मुलगी, वजन २० किलो, जमिनीवर झोपलेली. पहाटे पोट दुखतं म्हणून उठली. आईला वाटलं, रात्रीचं काहीतरी बाधलं. आता तिच्या पापण्या मिटू लागल्यात आणि चावल्याची खूण अंगावर कुठे सापडत नाही. पहिलं कुलूप : साप कोणता? मण्यार. तो रात्री, झोपेतल्या माणसाला, फारसं दुखू न देता चावतो.

दुसरं कुलूप रक्त गोठण्याच्या २० मिनिटांच्या चाचणीचं. ट्रेमध्ये दोन नळ्या ठेवा, एक प्लास्टिकची, एक काचेची. स्वच्छ, कोरडी काचेचीच घ्यायची, कारण प्लास्टिकमध्ये गोठण्याची क्रिया नीट सुरू होत नाही आणि चाचणी फसवते. या मुलीचं रक्त व्यवस्थित गोठतं. इथे माझा सापळा आहे. ‘रक्त गोठलं, म्हणजे विषबाधा नाही’ हा पर्याय निवडला, की फॉर्म अडतो. घोणस आणि फुरसं रक्तावर घाला घालतात; मण्यारचं विष स्नायूंपर्यंत जाणारे संदेश तोडतं.

पुढे प्रतिविष. मोठ्या माणसापेक्षा या मुलीला डोस कमी, तेवढाच, की जास्त? बहुतेकींचा हात ‘कमी’कडे जातो. उत्तर ‘तेवढाच’, कारण सापाने किती विष सोडलं हे मुलीच्या वजनावर ठरत नाही. लगेच त्याला जोडून विचारा : प्रतिविषाची रिअ‍ॅक्शन आली, तर अ‍ॅड्रेनालिन किती? ते मात्र वजनावर. किलोला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे ०.२ मिलिग्रॅम, १:१००० च्या अँप्युलमधून ०.२ मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. एखादीने २ टाकलं, तर ती दशांशचिन्हाची चूक फॉर्मवर झालेली बरी.

आता सर्वांत महत्त्वाचं. चार-पाच जणींचा गट करा आणि प्रत्येकीला वेगळा कागद पाठवा : एकीला आईने सांगितलेली हकिकत, एकीला नाडी-श्वासाच्या नोंदी, एकीला औषधांचा ट्रे. कागद दाखवायचा नाही, तोंडाने सांगायचा. शेवटचं कुलूप बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळाला फोन करण्याचं. काय झालंय, आधी काय होतं, तपासणीत काय दिसतंय, तुमच्याकडून काय हवंय, या क्रमाने. हे फॉर्मला तपासता येणार नाही. तिथे तुम्हीच फोनवरच्या डॉक्टर व्हा, आणि जरा घाईत असल्यासारख्या बोला.

मुलींना खेळ आवडतो यात शंका नाही, पण आवडणं म्हणजे शिकणं नव्हे. शिकणं होतं ते नंतरच्या बोलण्यात. खेळ अर्ध्या तासाचा ठेवलात, तर पुढचा अर्धा तास त्या चर्चेला द्याच. माझ्या एका गटात ‘श्वास उथळ होतोय’ ही नोंद एका अबोल मुलीच्या कागदावर होती. तिने ती दोनदा वाचली. टाईप करणारीचं लक्ष घड्याळाकडे, तिला ऐकूच आलं नाही. चर्चेत मी एवढंच विचारलं : हे कोणाला माहीत होतं, आणि बाकीच्यांपर्यंत का पोचलं नाही? त्यावर ज्या बोलल्या, तेवढ्या त्या माझ्या लेक्चरला कधीच बोलल्या नव्हत्या.

सलाईनची सुई लावणं, अंबू बॅग (हाताने श्वास देण्याची पिशवी) दाबणं हे मात्र पडद्यावर येत नाही. त्यासाठी सरावाचा पुतळा आणि वॉर्डच.

प्रश्न : आमच्या हॉटेलात टीम-बिल्डिंग म्हणून ऑनलाईन एस्केप रूम विकत घेतली. इंग्रजी वाड्यातलं भूत होतं. मॅनेजरसाहेबांनी एकट्याने सगळं सोडवलं, बाकीचे जांभया देत होते. दुसरं काय करावं?
– फ्रंट ऑफिस, कळंगुट

उत्तर : आधी साहेबांना माईक बंद करून हिंट देण्याच्या कामावर बसवा. मग ते भूत सोडा. इंग्रजी शब्दांच्या कोट्यांवर चालणारा खेळ असला, की हाऊसकीपिंगची बाई आणि ड्रायव्हर पहिल्याच मिनिटाला बाहेर पडतात.

कोडं तुमच्याच कामातून घ्या. गोव्यात आता दोन विमानतळ आहेत. पाहुण्याच्या तिकिटावर मोपाचा कोड जीओएक्स, ड्रायव्हरच्या चिठ्ठीवर दाबोळी, म्हणजे जीओआय. तिकीट रिझर्व्हेशनकडे, चिठ्ठी ड्रायव्हरकडे, पाहुण्याला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असल्याचा मेल किचनकडे, आणि खोली अजून तयार नाही हे फक्त हाऊसकीपिंगला ठाऊक. चौघं एकमेकांशी बोलल्याशिवाय कुलूप उघडत नाही, आणि एकट्या साहेबांना ते उघडताही येत नाही. उत्तरं कोकणी-मराठीत चालू द्या.

दोन पथ्यं पाळा. हे ड्यूटीच्या वेळेतच घ्या, आणि कोण चुकलं याची नोंद वार्षिक मूल्यमापनात जाऊ देऊ नका. एकदा गेली, की पुढच्या वेळी कोणी तोंड उघडणार नाही. चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात तर घेऊच नका. निम्मी माणसं माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या) बाजारात असतील आणि उरलेली मनाने तिथेच.

प्रश्न : मुलगा एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. रात्री मित्रांबरोबर लॅपटॉपवर ‘एस्केप रूम’ खेळतो आणि हा अभ्यासच आहे म्हणतो. खरं मानू?
– एक आई, साखळी

उत्तर : कुलूप कशाने उघडलं, ते त्याला तुम्हाला मराठीत समजावायला सांगा. उत्तरात एखादी नस, एखादं एन्झाइम आलं, तर ताई, अभ्यास चाललाय. खजिना आणि तळघर आलं तर खेळ चाललाय, आणि तोही त्याच्या वयात चालायचाच. बारानंतर वायफाय बंद करा, म्हणजे झालं.